आसारीवरचं गाव

येवल्यात ताईच्या गच्चीवर पाय ठेवल्याबरोबर माझ्या नातीने विचारलं, "आबा, माझी फिरकी कोण धरणार?"

पुण्यात तिच्या सोसायटीत पतंगाला दोन माणसं लागतात. एक उडवणारा आणि दुसरा मागे फिरकी घेऊन उभा. दुसरं काम ती धाकट्या भावाला देते आणि तो दहा मिनिटांत कंटाळून निघून जातो. आमच्या दाजींनी जिन्याजवळच्या खुंटीवरची आसारी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "येवल्यात फिरकी धरायला कुणी नसतं, बाळ. ज्याचा पतंग, त्याचीच आसारी."

पोरगी दहा वर्षांची. तिने ती उलटसुलट करून पाहिली. तिच्याबरोबर मीही पाहिली, जरी ही वस्तू मी चाळीस वर्षांपासून हाताळतो आहे. मी मनमाडच्या रेल्वे कारखान्यात फिटर होतो. पुलांचे लोखंडी गर्डर जिथे तयार होतात तो हा कारखाना, शंभर वर्षांहून जुना. तिथलं काम टनाच्या मापातलं. पण ज्या कुणी पहिली आसारी केली त्याला मी उस्ताद मानतो. मधोमध एक दांडा. दांड्याभोवती बांबूच्या कामट्यांची पाती, कुठे पाच, कुठे सहा, कुठे आठ. दोन्ही बाजूंची पाती आडव्या कामट्यांनी जोडली की एक हलका पिंजरा तयार होतो. दोरा बसतो त्या पिंजऱ्यावर, बाहेरून. आत सगळी हवा.

हिशेब करून पाहा. फिरकीचा गाभा दीड इंचाचा असेल, तर एका फेऱ्यात पाऊण वीतही दोरा गुंडाळला जात नाही. आसारीचा पिंजरा वीतभर रुंद असेल, तर एका फेऱ्यात सव्वादोन फूट दोरा आत येतो. आणि वस्तू सगळी बांबूची, म्हणून मनगटाच्या एका झटक्याने फिरते आणि बोट टेकवलं की थांबते. डाव्या मुठीत दांडा, उजव्या हातात दोरा. ढील द्यायची तर आसारी मोकळी सोडायची, दोरा आत घ्यायचा तर झटका द्यायचा. एकट्या माणसाचं काम. हे मी नातीला सांगत होतो, तोवर तिने झटका दिला, आसारी हातातून सुटली आणि दोरा तिच्या पायांत गुंतला. ताईने काहीही न बोलता पाटावर बसून तो गुंता सोडवला. तिचं वय त्र्याहत्तर. पण गुंता सोडवताना तिची बोटं जशी चालतात तशी मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाहीत.

त्याचं कारण आहे. आसारी हा शब्द मुळात मागावरचा आहे. पैठणीसाठी रेशीम रंगून आलं की त्याची लड आधी आसारीवर चढवतात. तिथून रहाटाने कांडीवर घेतात, कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे धावतो. ताई लग्न होऊन मनमाडहून येवल्यात विणकराच्या घरात आली तेव्हा सासूने तिला पहिलं काम शिकवलं ते कांडी भरण्याचं. रेशमाचा तार तुटला तर कुठे तुटला हे डोळ्यांनी न पाहता बोटांना कळायला हवं, असं त्या म्हणायच्या. मागावरची आसारी मोठी असते आणि पतंगाची लहान, पण काम एकच: सूत न गुंतता यायला हवं आणि न गुंतता जायला हवं. ज्या गावात घरोघरी सुताशी असा व्यवहार आहे, त्या गावाने पतंगासाठी फिरकी विकत आणण्याऐवजी आसारीच गच्चीवर नेली, यात मला नवल वाटत नाही.

येवला हे गाव रघोजी नाईक पाटलांनी वसवलं आणि गुजरातेतले व्यापारी आणि विणकर त्यांनी बोलावून आणले, असं गावात सांगतात. रेशमाचा धंदा त्या मंडळींबरोबर आला आणि पतंगाचं वेडही त्यांच्याचबरोबर आलं, हेही जुनी माणसं सांगतात. पटण्यासारखं आहे. गुजरातेत उत्तरायणाला असाच आकाशभर पतंग असतो आणि दुसऱ्या दिवसाला ते 'वासी उत्तरायण' म्हणतात. अहमदाबादला १९८९ पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. देशोदेशीचे लोक तिथे मोठमोठे पतंग घेऊन येतात. येवल्याचं तसं नाही. इथे मैदान नाही, मंच नाही, तिकीट नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव घरातून उठून गच्चीवर आणि पत्र्यावर जातं. जत्रा म्हटलं की आपल्याला पाळणा, मौत का कुआँ, गोडीशेवेची दुकानं आठवतात. येवल्याची ही जत्रा जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर भरते आणि ती पाहायला आलेल्या माणसाला कुणाच्या तरी घरातूनच वर जावं लागतं. ओळख नसेल तर जिन्याशी उभं राहून "येऊ का वर?" विचारायचं. मला आजवर "नाही" ऐकू आलेलं नाही.

२०२३ साली भोगी शनिवारी, १४ जानेवारीला आली आणि संक्रांत रविवारी. मुलाला सुट्टी मिळणार होती, म्हणून मी दोन महिने आधीच त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी रात्री मुलगा, सूनबाई आणि दोन्ही नातवंडं मनमाडला उतरली. तेव्हा मनमाडकराला दोन दिवस घर बंद करून जायचं म्हटलं की पहिला विचार पाण्याचा असायचा. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, ते हुकलं तर पुढची पाळी कधी, टाकी कोण भरून घेणार. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, शेजारच्या वहिनींकडे चावी दिली आणि मगच पिशवी उचलली. पिशवीत तिळाच्या वड्या होत्या आणि एक चिकटपट्टीचं रीळ. रीळ माझं. त्याचं काम पुढे सांगतो.

मनमाड ते येवला रस्त्याने सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. गाडी करता आली असती, पण मी हट्टाने सगळ्यांना रेल्वेने नेलं. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि आमच्या गावाला जंक्शनपण आलं ते याच मार्गामुळे. माझ्या नातवंडांनी निदान एकदा तरी त्याच्यावरून सणाला जावं असं मला वाटत होतं. गाव मागे पडलं की हडबीची शेंडी दिसते, आकाशाकडे अंगठा दाखवल्यासारखा तो सुळका. पुढे अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी. अंकाईपाशी छत्रपती संभाजीनगरकडे जाणारे रूळ पूर्वेकडे वळतात आणि आपण दक्षिणेला लागतो. धाकट्याने खिडकीतून पहिला पतंग पाहिला तो बाभळीत अडकलेला. मग तारेवर एक, मग सिग्नलजवळच्या लिंबावर तीन. "आजोबांचं गाव आलं," तो म्हणाला. तो दाजींना आजोबा म्हणतो, मला आबा.

सकाळी नऊ वाजता गच्चीवर पोचलो तर आकाश रिकामं. नात नाराज झाली. दाजी म्हणाले, "वारा अजून झोपलाय." जानेवारीत आमच्या भागात पहाटेची थंड हवा जमिनीला धरून पडून असते. ऊन चढून जमीन तापली की ती ढवळली जाते आणि दहाच्या पुढे वारा उठतो. तेवढ्या वेळात कन्न्या बांधून घ्यायच्या. कन्नी म्हणजे पतंगाला दोन ठिकाणी बांधलेला तो दोरा, ज्याला मुख्य दोरा जोडतात. काही जण त्याला पतंगाचं मंगळसूत्र म्हणतात. उभी काडी आणि धनुष्यासारखी वाकलेली कामटी जिथे एकमेकींना छेदतात तिथे वर एक गाठ, आणि खाली शेपटीच्या बाजूला एक. वारा मंद असेल तर दोन्ही बाजू सारख्या ठेवतात. वारा जोराचा असेल तर खालची बाजू बोटभर लांब ठेवली की पतंग पुढे झुकतो आणि ओढ कमी बसते. दाजी हे माप बोटांनी घेतात. वरचा दोरा ताणून शेवटापर्यंत नेतात, मग खालचा, आणि डोळे मिटून अर्धा मिनिट तसेच बसतात. मी कारखान्यात प्लंब बॉब लावून खांब पाहिलेला माणूस, पण दाजींच्या बोटांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

बांधून झाला की पतंग डोक्यावर धरून दोन झोके देऊन बघायचा. एका बाजूला कलत असेल तर तो 'कन्नी खातो'. मग हलक्या बाजूच्या टोकाला कागदाची बारीक सुरळी किंवा चिंधी बांधायची. चाकाचा तोल साधायला गॅरेजमध्ये रिमला शिशाचा तुकडा लावतात, अगदी तेच. येवल्याचे पतंग आकाराने ओळखतात, अर्धीचा, पाऊणचा, सव्वाचा. लहान पोरांना अर्धीचाच द्यावा. मोठा पतंग वाऱ्यात असा ओढतो की मूल कठड्याकडे खेचलं जातं.

पतंग चालवायचा कसा, ही गोष्ट बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलीच नसते. म्हणून मुलं नुसती ओढत राहतात. दोरा ताणलेला असताना वाऱ्याच्या दाबाने आडवी कामटी मागे वाकते, पतंगाची दोन्ही अंगं किंचित मागे जातात आणि तो स्थिर होतो. नाक ज्या दिशेला आहे त्या दिशेला सरळ धावतो. ढील दिली की कामटी मोकळी होते, पतंग सपाट होतो, अस्थिर होतो आणि जागच्या जागी फिरू लागतो. म्हणजे वळवायचं ढील देऊन आणि पळवायचं ओढून. पतंग फिरत असताना त्याच्या नाकावर नजर ठेवायची. ते हव्या त्या दिशेला आलं की त्याच क्षणी ओढायचं. हे कळायला नातीला शनिवारची सगळी दुपार लागली. दोन पतंग तिने लिंबाला दिले, एक शेजारच्या पत्र्यावर फाटला. चौथा साडेतीनच्या सुमाराला तिच्या ताब्यात आला. एक ढील, एक ओढ, आणि तो डावीकडे गेला. पुन्हा ढील, ओढ, उजवीकडे. ती हसली नाही, ओरडली नाही. ओठ घट्ट मिटून तेच ती पुन्हा पुन्हा करत राहिली.

खाली ताई आणि ही भोगीच्या तयारीला लागल्या होत्या. भोगीची भाजी म्हणजे त्या आठवड्यात शेतात जे काही असेल ते एका पातेल्यात: वाल, पावटे, ओले हरभरे, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, वर तिळाचं कूट. बाजरीच्या भाकरीला वरून तीळ थापलेले. लोण्याचा गोळा. जेवायला मात्र कुणी खाली उतरत नव्हतं. शेवटी सूनबाईने टोपली आणि पातेलंच वर आणलं आणि सगळ्यांनी गच्चीवर उभ्याउभ्या हातावर भाकरी घेतली. दुसऱ्या गच्चीवरून एक ताटली भेळभत्त्याची आली, आमच्याकडून तिळाच्या वड्या गेल्या. त्या घरची माणसं कोण, हे मला अजून ठाऊक नाही.

पाचच्या सुमाराला आकाश दिसेनासं झालं, असं मी म्हटलं तर ज्यांनी येवला पाहिलेलं नाही त्यांना ते खरं वाटणार नाही. प्रत्येक गच्चीवरून चार-पाच दोरे वर गेलेले. कुठे हलकडी कडाडते आहे, कुठे कर्णा लागलाय. पेच लागला की आजूबाजूच्या गच्च्या गप्प होतात. दोन प्रकारचे खेळाडू असतात. एक ढीलवाले: दोऱ्यावर दोरा पडला की हात मोकळा सोडतात आणि आसारी भिंगरीसारखी फिरते. सरकत्या दोऱ्याने समोरचा दोरा कापला जातो. दुसरे खेचवाले: खालून घुसतात आणि एका दमात ओढतात. "दे ढील, दे ढील!" असा घोष वाढत जातो आणि एक पतंग अचानक सैल पडून डुलत वाऱ्याबरोबर चालू लागतो. मग "वकाट!" ही आरोळी. एका गच्चीवर उठते आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाते. हलकडी जोरात सुरू होते. ज्याचा पतंग कटला तो माणूस आसारीला झटके देत उरलेला दोरा आत घेतो आणि खाली वाकून दुसरा पतंग उचलतो. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. या अर्ध्या मिनिटासाठी लोक मुंबईहून, पुण्याहून, सुरतेहून घरी येतात.

आता चिकटपट्टीचं सांगतो. खेळायच्या आधी उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना, दोऱ्याचा घास बसतो त्या पेराला, पट्टी गुंडाळायची. सुती मांजासुद्धा कापतो. पूर्वी दाजींच्या घरी मांजा घरीच व्हायचा. दोन खांबांमध्ये सुती दोरा येरझारा घालून ताणायचा. काचेची पूड फडक्यातून गाळून सरसात आणि रंगात कालवायची, तो लगदा चिंधीत घेऊन दोऱ्यावरून चालत जायचं, उन्हात वाळवायचा आणि आसारीवर चढवायचा. पक्ष्यांच्या पंखाला तोही इजा करतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणून नातवंडांना आम्ही साधा, बिनकाचेचा दोरा देतो. पेच हरतात. हरू देत.

पण नायलॉनचा मांजा ही वेगळीच चीज आहे. लोक त्याला चायना मांजा म्हणतात. नाव कुठलंही असो, तो नायलॉनचा एकेरी तंतू असतो, मासे धरायच्या गळाला लावतात त्या जातीचा. तो वाईट का, हे मी पोरांना माझ्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो. मोठ्या यंत्रात एक छोटी पिन मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. तिला शिअर पिन म्हणतात. यंत्रावर नको इतका भार आला की आधी ती तुटते, म्हणून पुढचा गिअर वाचतो आणि पुढे उभ्या माणसाचा हात वाचतो. सुती दोरा ही आकाशातली शिअर पिन आहे. झाडाला अडकला, घारीच्या पंखात गेला, रस्त्यावरच्या माणसाच्या गळ्यावर आला, तर थोड्या ओढीने तुटतो. उन्हापावसात हळूहळू कुजून जातो. नायलॉन तुटत नाही आणि कुजत नाही. फेब्रुवारीतसुद्धा तो झाडावर तेवढ्याच धारेचा लोंबत असतो आणि बगळा, वटवाघूळ, कबूतर त्यात पाय अडकून मरतात. आणि खेळ म्हणून पाहिलं तर? काटाकाटी हा दोरे तुटण्याचा खेळ आहे. ज्याने न तुटणारा दोरा आणला त्याने खेळातच खोट आणली.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही दर जानेवारीला कुणाचा ना कुणाचा गळा कापल्याची बातमी येते. त्या बातम्यांतला एक माणूस मी होता होता राहिलो. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटरवरून येत होतो. दोरा दिसला नाही. नायलॉन संध्याकाळच्या उजेडात दिसतच नाही. गळ्याला ओढ बसली, मी ब्रेक दाबला आणि आडवा झालो. थंडी होती म्हणून हिने सकाळी बळेबळे लोकरी मफलर बांधायला लावला होता. मफलरचे तीन पदर कापले गेले, चौथा राहिला. मानेवर एक बारीक लाल रेघ उठली होती, ती आठवडाभर दिसत होती. ही ती रेघ पाहायची आणि काही बोलायची नाही.

त्यानंतर मी एक काम सुरू केलं आहे. पाच मिलिमीटरची लोखंडी सळई घ्यायची. तिची उलट्या 'यू'च्या आकाराची कमान वाकवायची, चालवणाऱ्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच, आणि दोन्ही टोकं स्कूटरच्या हँडलवर आरशांच्या बोल्टाखाली पक्की कसायची. दोरा आला तर तो कमानीला अडतो, गळ्यापर्यंत येत नाही. गुजरातेत अशा कमानी पुष्कळ दिसतात. आमच्या गल्लीत मी दर डिसेंबरमध्ये त्या वाकवून देतो. फक्त सळईचे पैसे घेतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी जानेवारीभर गळ्याला जाड रुमाल किंवा मफलर बांधावा, लहान मुलाला स्कूटरवर पुढे उभं करू नये, आणि विजेच्या तारेवर अडकलेला पतंग काठीने किंवा सळईने काढायला जाऊ नये. कठडा नसलेल्या गच्चीवर मूल एकटं सोडू नये. मागे मागे जात उडवणाऱ्या मुलाची नजर वर असते, हे मोठ्यांनी लक्षात ठेवावं. दाजींच्या गच्चीवर कठड्यापासून तीन फुटांवर खडूची रेघ मारलेली असते आणि तिच्यापलीकडे कुणीही जायचं नाही, पाहुणासुद्धा.

रविवारी सकाळी वारा उठायच्या आत मुलगा म्हणाला, "आपण मुक्तिभूमीला जाऊन येऊ." १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली, त्या जागी हे स्मारक आहे. आम्ही गेलो, थोडा वेळ थांबलो. मुलाने नातीला त्या घोषणेबद्दल सांगितलं, तिने दोन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर त्याला लगेच देता आलं नाही आणि तो "घरी गेल्यावर वाचून सांगतो" म्हणाला. परत येताना मी तिला सांगितलं की सत्तावन्नच्या लढ्यातले तात्या टोपे जन्मले तेही याच येवल्यात. तिच्या मनात मात्र दुसरंच होतं. "आबा, वारा उठला असेल ना?"

उठला होता. रविवारचा वारा शनिवारपेक्षा चांगला. तिळगूळ झाला, ताईने सुगडी पुजली, दुपारी गुळपोळी झाली, आणि या सगळ्याच्या मधल्या मधल्या वेळात पोरगी वर जिना चढत राहिली. तिचा एकही पेच जिंकून झाला नाही, कारण तिचा दोरा साधा. पण चारच्या सुमाराला तिचा पतंग आणि पलीकडच्या गल्लीतला एक निळा पतंग एकमेकांभोवती बराच वेळ फिरले. निळ्याने दोरा टाकला नाही. त्याच्या मालकाने बहुतेक खालून लहान मुलीला पाहिलं असावं. मग तो वर उंच निघून गेला. दाजींनी त्या गल्लीकडे पाहून हात वर केला.

येवल्याची मंडळी कर संपेपर्यंत खाली उतरत नाहीत, तिसऱ्या रात्री आतषबाजी असते. रंगपंचमीला याच गावात टिळक मैदानात रंगांचे सामने होतात, समोरासमोर ट्रॅक्टरवर पिंपं भरून. त्यालाही ताईने आत्तापासूनच बोलावून ठेवलं. पण सोमवारी मुलाचं ऑफिस होतं, नातीची शाळा होती. आम्ही रविवारी संध्याकाळीच निघणार होतो.

निघण्याआधी दाजींच्या गच्चीवरचा नियम पाळायचा होता. खाली उतरण्यापूर्वी प्रत्येकाने गच्चीवर, पत्र्यावर, कठड्याला अडकलेला दोरा गोळा करायचा. आपला असो, दुसऱ्याचा असो. दोन्ही नातवंडांनी हे काम मनापासून केलं. लाल, गुलाबी, हिरव्या, पांढऱ्या दोऱ्याचा एक मोसंब्याएवढा गोळा झाला. दाजी तो घेऊन परसातल्या चुलीपाशी बसले. प्रत्येक रंगाचं एक बोटभर टोक ते चिमट्यात धरून जाळाला लावत होते. मुलं दोन्ही बाजूंना उकिडवी बसली.

"बघा," ते म्हणाले, "सुती दोरा कागदासारखा जळतो. वासही कागदाचा. आणि मागे काय राहतं? राख. फुंकर मारा, उडून जाईल." धाकट्याने फुंकर मारली आणि राख उडाली. गुलाबी जळला, हिरवा जळला, लाल जळला. मग दाजींनी पांढऱ्यातला एक चमकदार तंतू धरला. तो जाळाजवळ गेल्याबरोबर आक्रसला, वितळला आणि टोकाला एक थेंब धरून बसला. त्यांनी तो चुलीच्या कडेला टेकवून निवू दिला. वाळूच्या दाण्याएवढा काळा, कठीण मणी.

"हा आपल्या गच्चीवर कुणी आणला?" नातीने विचारलं.

"आणला कुणी नाही. कटून आला," दाजी म्हणाले.

तिने तो मणी नखाने दाबून पाहिला, दगडाने ठोकून पाहिला. मग वहीतला एक कागद फाडून त्यात तो गुंडाळला, वर माझी चिकटपट्टी लावली आणि सोमवारी वर्गात दाखवायचा म्हणून आसारीच्या पिंजऱ्यात, पात्यांच्या मध्ये, खोचून ठेवला. स्टेशनवर जाताना आसारी तिने कुणाला धरायला दिली नाही.